लेन्स नंतर, आधी शटर बघा

नवा कॅमेरा घेऊन महिना झाला, देवळातले फोटो हलल्यासारखे येतात, म्हणून महाग लेन्स घेऊ काय, असं तुम्ही विचारलंय. जरा थांबा ओ.

माझंही तसंच झालं होतं. आयएसओ, म्हणजे कमी उजेडात फोटो उजळ करणारा आकडा, १०० च्या वर गेला की फोटो बिघडतो, असं कुणीतरी डोक्यात भरवून ठेवलेलं. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, १२०४ सालचं जैन मंदिर. आत अंधार, आयएसओ मात्र १००च. छतावरचं दगडी कमळ काढताना शटर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, १/८ सेकंदावर उतरलंय याकडे माझं लक्षच नाही. मागच्या पडद्यावर सगळं झकास! घरी संगणकावर उघडून बघतोय तर एकेका पाकळीला दोन-दोन कडा दिसालेत. तेव्हापासून जागेवरच फोटो मोठा करून बघतो.

हातात धरून काढताना ५० मिमी लेन्सला किमान १/५० शटर ठेवा. सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला फोटो टिपणारा भाग, लहान असेल तर १/८०. तेवढं मिळेपर्यंत आयएसओ खुशाल १६००, ३२०० वर न्या. थोडे दाणे आले तर चालतात, हललेला फोटो मात्र कशानेच सुधारत नाही. माणसं किंवा पोरं हलत असतील तर १/२०० तरी हवंच.

आणि पावसाळ्यात गोकाकच्या धबधब्याला जाणार असाल तर मऊ फडकं दोन न्या, एक लगेच भिजतं. तुषार उडत असताना लेन्स बदलायची नाही. आभाळ पांढरंफटक येत असेल तर एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, उणे एकवर घ्या.

तुमची लेन्स कुठली, कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ मिमीच काय?