युद्ध संपल्यानंतरचे कोकण कादंबरीत कसे आणावे? मैत्री, प्रेम आणि १९४५ ते १९४९ हा काळ

खाडीकाठ (विजयदुर्ग परिसर) यांचा प्रश्न

मी सध्या एक कादंबरी लिहीत आहे. तिचा काळ १९४५ च्या पावसाळ्यापासून १९४९ च्या अखेरीपर्यंतचा असून वाघोटन खाडीच्या काठावरील एका गावात तीन मुले एकत्र वाढतात. माधव हा गावच्या खोताचा, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचा, एकुलता एक मुलगा आहे. लतीफचे वडील व्यापारी आगबोटींवर खलाशी आहेत. सुमती ही खोताच्या कुळाच्या घरातली मुलगी असून तिचा थोरला भाऊ मराठा पलटणीबरोबर इटलीत लढून १९४६ मध्ये घरी परततो. कथा सुरू होते तेव्हा तिघेही पंधरा वर्षांच्या आसपास आहेत आणि संपते तेव्हा विशीला टेकलेली आहेत. माधव आणि सुमती यांचे प्रेम व माधव आणि लतीफ यांची मैत्री, या दोन धाग्यांवर सगळी रचना उभी आहे.

युद्धोत्तर समाज म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे बाँबने उद्ध्वस्त झालेली शहरे येतात. आपल्या गावांवर बाँब पडले नाहीत. परंतु १९४२ मध्ये रंगून पडल्यावर ब्रह्मदेशचा तांदूळ यायचा थांबला, पुढल्या वर्षी कापडावर नियंत्रण आले, घासलेट मिळेनासे झाल्यामुळे घरोघर उंडीच्या तेलाचे दिवे लागले, आणि ज्या घरांतील कर्ते मुलगे फौजेत किंवा बोटीवर होते त्या घरांनी ही वर्षे जीव मुठीत धरून काढली. ही सारी माहिती जमवता येते. ती सोळा वर्षांच्या मुलीच्या मनात कोणत्या वाटेने शिरत असेल, हे मात्र पुस्तकांतून सापडत नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. खोताच्या मुलाला आणि कुळाच्या मुलीला एकमेकांशी निवांत बोलण्याचे निमित्त त्या काळी कोठे मिळत असेल? विहीर आणि देऊळ ही ठिकाणे इतक्या कथांतून येऊन गेली आहेत की मला ती टाळायची आहेत. दुसरा प्रश्न मोठ्या घटनांचा. १४ एप्रिल १९४४ चा मुंबई गोदीतील स्फोट, फेब्रुवारी १९४६ मधला नाविकांचा उठाव आणि १७ जुलै १९४७ ला बुडालेली रामदास बोट, यांपैकी कोणती घटना कथेच्या ओघात येऊ शकेल? लतीफच्या वडिलांचा अंत रामदास बोटीवर दाखवावा, असे मनात आहे.

टपालवाला (मालवण)

टपाल खात्यात माझी नोकरी झाली आणि माझे वडीलही त्याच खात्यात होते, त्यामुळे पहिल्या प्रश्नाविषयी मला काही सांगता येईल. आपल्या जिल्ह्याची चूल मनीऑर्डरवर पेटत असे, हे आपण सर्वजण जाणतोच. युद्धाच्या काळात मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या पैशांत फौजेतून घरी लावून दिलेल्या रकमेची भर पडली. खेडेगावातील शाखा डाकघर पुष्कळदा शाळामास्तरांकडेच असे आणि शाळेची पडवी हेच कचेरीचे ठिकाण असे.

मनीऑर्डरचा फॉर्म आपण कधी हाती घेऊन पाहिला असेल तर आठवेल की त्याला एक लहानसे कूपन जोडलेले असे. पाठवणारा त्यावर चार ओळी लिहीत असे आणि पैसे घेणाऱ्याला ते कूपन फाडून दिले जाई. पैसे घेणारी आई निरक्षर असली तर तिचा अंगठा उमटवावा लागे आणि त्या अंगठ्याला साक्षर माणसाची साक्ष लागे. अंगठा उमटलेली पावती मग पाठवणाऱ्याकडे परत जाई. म्हणजे गिरणगावातल्या मुलाला आईची खूण म्हणून दर महिन्याला तो शाईचा ठसा दिसत असे.

आता सुमती चौथीपर्यंत शिकलेली आहे असे धरा. सगळ्या वाडीत वाचता येणारी ती एकटी मुलगी असेल, तर प्रत्येक घरचे कूपन आणि प्रत्येक घरचे पत्र तिच्याच हाती येणार. कोणाचा नवरा मुंबईत दुसरा संसार करून बसला आहे, कोणाच्या मुलाच्या पत्रातला मजकूर सेन्सॉरने खोडला आहे, कोणी तीन महिने काहीच धाडलेले नाही, हे सारे तिला ठाऊक असणार, आणि ज्या आईला वाचून दाखवायचे तिच्यासमोर त्यातले काय वाचावे व काय गिळावे, हेही पंधराव्या वर्षी तिलाच ठरवावे लागणार. मोठे होणे यापेक्षा वेगळे काय असते? माधव हायस्कुलात शिकणारा, सहीला वजन असलेला मुलगा आहे. त्याला साक्षीदार म्हणून पडवीवर बोलावले जाते. दोघांच्या भेटीला यापरते निमित्त नको, कारण तेथे ती दोघे सगळ्या गावाच्या देखत उभी असतात आणि कोणालाही त्यात वावगे वाटत नाही.

एक गोष्ट विशेष विचारात घ्यावी. युद्ध संपले, भाऊ फौजेतून मोकळा होऊन घरी आला की त्याच्या पगारातून येणारी मनीऑर्डर थांबते. सुमतीच्या घरात शांतता येते ती चुलीवरची पेज पातळ करून, आणि त्याच महिन्यापासून पडवीवरची माधवची भेटही संपते. युद्ध चालू असताना ती मुलगी सुखी होती आणि ते संपल्यावर दुःखी झाली, ही तिला स्वतःलाही बोलून दाखवता न येणारी गोष्ट आपल्या कादंबरीच्या मध्यभागी असावी, असे मला मनापासून वाटते.

बाणकोटी

रामदास बोट या कथेत आणू नये, अशी माझी विनंती आहे. ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली होती. सहाशेहून अधिक माणसे त्या दिवशी गेली, त्यांतील पुष्कळ अलिबाग, पेण, रोहा या बाजूंची. विजयदुर्ग, देवगड, मालवणकडच्या बोटी पावसाळ्यात बंदच असत आणि जुलैत घरी यायचे तर कोल्हापूरपर्यंत रेल्वेने येऊन पुढे घाट उतरावा लागे. वाघोटन खाडीकडचा माणूस त्या दिवशी रेवसच्या बोटीत कशासाठी बसला, याचे उत्तर रचत बसलात तर वाचकाला लेखकाचा हात दिसेल. ज्या घरांनी त्या दिवशी माणसे गमावली त्यांच्या दुःखाचा केवळ वळणासाठी उपयोग करणेही मला उचित वाटत नाही.

लतीफची खरी कथा वेगळीकडे आहे. आमच्या बाणकोट, दाभोळ, जयगड, राजापूर या खाड्यांवरच्या मुसलमान वस्त्यांतून पिढ्यान्‌पिढ्या खलाशी गेले. युद्धात व्यापारी बोटींवर पाणसुरुंगांचे आणि पाणबुड्यांचे हल्ले झाले आणि कोळसा ओढणारे, इंजिनाशी राबणारे हे लोक बोटीच्या पोटातच असल्यामुळे वर येईपर्यंत अनेकदा उशीर झालेला असे. गावात त्यांना कोणी सैनिक म्हणत नसे. सुमतीचा भाऊ परत येतो तेव्हा गाव वेशीपर्यंत सामोरे जाते आणि लतीफचे वडील त्याच महिन्यात परत येतात तेव्हा कोणी घराबाहेरही येत नाही, एवढ्या एका प्रसंगातून दोन मुलांच्या मैत्रीत पहिली तेढ उभी राहू शकेल.

त्यानंतर कराची. फाळणीपूर्वी कोकणातला माणूस, हिंदू असो की मुसलमान, जसा मुंबईला पोट भरायला जाई तसाच कराचीलाही जाई. मुंबईहून बोटीने ते गाव फार दूर वाटत नसे. लतीफ १९४८ च्या प्रारंभी मामाकडे कामाला गेला, ईदला परत येतो असे माधवला सांगून गेला, आणि जुलै १९४८ मध्ये पाकिस्तानातून भारतात येण्यासाठी परवान्याची पद्धत लागू झाली. घर सोडण्याचा निर्णय त्याने घेतलेलाच नव्हता. तो नोकरीला गेला आणि मागे सरहद्द तयार झाली. या प्रसंगात दंगल किंवा रक्तपात दाखवण्याची काहीही आवश्यकता नाही, आणि आपल्या किनाऱ्याच्या बाबतीत तेच अधिक खरे होईल.

कोर्टकचेरी (रत्नागिरी)

प्रेमकथेच्या अंगाने कायद्याची बाजू सांगतो, कारण त्या वर्षांवरच्या लेखनात येथे वारंवार गफलत आढळते.

१९४९ मध्ये केंद्राने हिंदूंच्या निरनिराळ्या जातींमधील विवाह वैध ठरवणारा कायदा केला. त्यामुळे पुष्कळांचा असा समज असतो की त्याआधी असा कोणताही विवाह धर्मविधीने होऊच शकत नव्हता. मुंबई हायकोर्टाने मात्र अनुलोम विवाह, म्हणजे वर वरच्या वर्णाचा आणि वधू खालच्या वर्णाची, आधीच वैध मानला होता. अडत होते ते प्रतिलोमाचे, म्हणजे याच्या उलट विवाहाचे. आपला माधव ब्राह्मण खोताचा मुलगा आणि सुमती कुणबी घरातली असेल, तर कोर्टाने त्यांचा विवाह नाकारला नसता. नाकारला असता तो गावच्या भटजींनी, माधवच्या आईने, आणि तितक्याच निकराने सुमतीच्या भाऊबंदांनी. शेवटच्या नकाराकडे लेखकांचे दुर्लक्ष होते. खोताच्या मुलाशी नाव जोडले गेले की मुलीच्या घराची काय अवस्था होते, हे कुळाच्या वाडीने पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले होते, आणि तेथे प्रेम या गोष्टीवर कोणी सहजासहजी विश्वास ठेवणार नव्हते.

नोंदणी पद्धतीचा मार्ग १८७२ च्या विशेष विवाह कायद्याने आणि त्यातील १९२३ च्या दुरुस्तीने खुला होता. त्यात एकवीस वर्षांखालील पक्षास वडिलांची किंवा पालकाची संमती लागे. असा विवाह करणारा हिंदू एकत्र कुटुंबातून विभक्त झाला असे मानले जाई, आणि तो एकुलता एक मुलगा असल्यास त्याच्या वडिलांना दुसरा मुलगा दत्तक घेण्याचा अधिकार मिळे. माधव एकुलता एक आहे, हे आपण सहज लिहून गेला आहात, परंतु कथेची कळ तेथेच आहे. वडिलांनी आरडाओरडा करण्याचे कारण नाही. त्यांनी एका संध्याकाळी पुतण्याला जेवायला बोलावून आपल्या पाटाशेजारी बसवावे, माधव समजून जाईल.

खोतीच्या बाबतीत कालक्रम सांभाळावा. डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक १९३७ मध्येच मुंबई कायदेमंडळात मांडले होते, कूळकायदा १९४८ चा, आणि खोती रद्द करणारा कायदा १९४९ चा. म्हणजे ज्या वर्षी माधव एकवीस वर्षांच्या जवळ येतो त्याच सुमारास ज्या वतनासाठी त्याला धाक घातला जातो ते वतनच जाण्याच्या बेतात आहे. थोरल्या पिढीला याची चाहूल लागलेली असणार, आणि माझ्या मते वडिलांचा हट्ट त्यामुळेच अधिक वाढला असता.

सड्यावरचा (लांजा)

वरील सर्व प्रतिसाद मोलाचे आहेत. मला एक उणीव दिसते ती मांडतो. या गावात महारवाडा कोठे आहे? महार रेजिमेंट १९४१ मध्ये पुन्हा उभी राहिली आणि आपल्या जिल्ह्यातून तीत मुलगे गेले. सुमतीच्या भावाला वेशीवर सामोरे जाणारे गाव त्याच महिन्यात परतणाऱ्या महार जवानाशी कसे वागले? लतीफच्या वडिलांकडे गावाने पाठ फिरवली असे आपण दाखवणार असाल, तर या माणसाकडे गावाने कसे पाहिले हेही दाखवावे लागेल. त्याला मुख्य पात्र करा असे मी म्हणत नाही. सुमती त्याच्याही आईचे कूपन वाचत होती का, आणि वाचत असेल तर किती अंतरावर उभी राहून, एवढे एकच वाक्य प्रामाणिकपणे लिहिले तरी सुमती ही केवळ सोशीक नायिका न राहता त्या गावाचीच मुलगी ठरेल.

सुमतीच्या भावाविषयीही थोडे. माणगाव तालुक्यातील यशवंत घाडगे यांना इटलीतील जुलै १९४४ च्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ही बातमी त्या पलटणीतील प्रत्येक घरी पोचली असणार. तशा कीर्तीच्या सावलीत जिवंत परतलेला सामान्य शिपाई कसा वागत असेल? त्याने लढाईच्या गोष्टी सांगू नयेत असे मला वाटते. खोताच्या खळ्यात वेठीला बोलावणे आले असता त्याने पायातील बूट न काढता उभे राहावे. बहिणीच्या प्रेमाला सर्वांत कडवा विरोध त्यानेच करावा, कारण ज्या घराशी आता कोठे ताठ मानेने बोलता येऊ लागले त्याच घराशी सोयरीक म्हणजे पुन्हा वाकणे, अशी त्याची समजूत असेल. ती चुकीची आहे असे निदान मला तरी म्हणवत नाही.

खाडीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रामदास बोटीचा प्रसंग मी वगळत आहे. गोदीतील स्फोट आणि नाविकांचा उठाव या घटनाही मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या तोंडी जेवढ्या येतील तेवढ्याच येतील. पहिला भाग आता शाळेच्या पडवीवर सुरू होईल आणि सुमतीच्या हातातील कूपनांच्या क्रमाने पुढे सरकेल. शेवटचे कूपन तिच्या भावाचे असेल. महार जवानाच्या आईचे कूपन तिसऱ्या प्रकरणात येईल. अंतराविषयीचे ते वाक्य लिहिताना माझ्या नायिकेला मी सोडवणार नाही.

लतीफच्या बाबतीत बाणकोटी यांनी सुचवलेला मार्ग मला पटला, मात्र कोर्टकचेरी यांच्या माहितीतून एक नवा पेच निर्माण झाला आहे. माधव आणि सुमती यांना नोंदणी विवाहासाठी दोघांचीही एकवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत थांबणे भाग आहे, आणि माझी कथा त्याआधीच संपते. कोर्टकचेरी यांनी सांगितलेला पाटाशेजारच्या पुतण्याचा प्रसंग घेतला तर विवाह होतो की नाही हे न सांगता थांबणे मला योग्य वाटते. सुमतीने माधवला लग्नाविषयी काही विचारण्यापूर्वी खोती गेल्यावर आमच्या जमिनीचे काय, हे विचारावे, आणि त्याने खरे उत्तर द्यावे, असे ते अखेरचे संभाषण मी योजले आहे.

टपालवाला यांना एक विचारायचे राहिले. साक्षीदाराची सही कूपनावर असे की पावतीवर?

टपालवाला (मालवण)

कूपनावर सहीचा प्रश्नच येत नसे, ते घेणाऱ्याला फाडून दिले जाई. साक्ष असे ती अंगठ्याजवळ, म्हणजे फॉर्मच्या ज्या भागावर पैसे पोचल्याची खूण घेत तेथे. माधवच्या हस्ताक्षराचा एकही कागद सुमतीकडे राहत नाही. पहिला भाग लिहिताना याचा विचार व्हावा.