विषय: गावच्या घरी वूफर किती इंची घ्यावा?

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीचं चालू असताना मधेच घुसतोय, माफी असावी. डिसेंबरात गावी जातोय, दारव्ह्याजवळ. बाबांनी जुन्या घराला लागून स्लॅबची नवी खोली काढली आहे: 16 बाय 12, उंची 10 फूट. तिथे त्यांना निवांत गाणं ऐकायचंय. आवड म्हणजे तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं आणि वसंतराव देशपांडे. ("मूर्तिजापूरचा माणूस" असं म्हटल्याशिवाय बाबा वसंतरावांचं नाव घेत नाहीत.) साडेसहा इंची दोन स्पीकर आहेत. डग्गा ऐकू येतो, पण भरत नाही. म्हणून वूफर, म्हणजे खालचे भारी स्वर वाजवणारा वेगळा स्पीकर, घ्यायचाय. दुकानदार म्हणतो 15 इंचीच घ्या. धाकटा म्हणतो 8 पुरे. कोणाचं ऐकू?

---

भाऊ,

दुकानदाराचं ऐकू नका. 15 आणि 18 इंची वूफर वरातीच्या डीजेला लागतात, कारण उघड्यावर आवाज परत आणायला भिंत नसते. तुमच्याकडे चार भिंती आणि वर स्लॅब आहे.

आकाराचा हिशेब सोपा आहे. स्वर एक सप्तक खाली, म्हणजे 80 हर्ट्झवरून (सेकंदाला 80 कंपनं) 40 वर आला, की तेवढ्याच जोराच्या आवाजासाठी वूफरला चौपट हवा ढकलावी लागते. पडदा लहान असेल तर तो फार आत-बाहेर करतो आणि शेवटी फाटल्यासारखा वाजतो. साडेसहा इंचीची गोची इथे आहे. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे 8 इंचीचे दोन वूफर मिळून एका 11 इंचीच्या थोडे वरच जातात. भजन-ख्यालाला, घरात ऐकण्याच्या आवाजात, तेवढं भरपूर झालं. एकच घ्यायचा तर बंद खोक्यातला 10 इंची. भोकाचं खोकं त्याच्या ठरावीक स्वरापर्यंत जोरात वाजतं, पण त्याखाली बंद खोक्याच्या दुप्पट वेगाने ढासळतं.

खरी भानगड खोलीची. 16 फुटांच्या लांबीत 35 हर्ट्झच्या आसपास आवाज घुमणार, 12 फुटांच्या रुंदीत 47 च्या, उंचीत 56 च्या. बाबांचा दिवाण लांबीच्या टोकाला, मागच्या भिंतीला टेकवला तर 35 वाला स्वर फुगून ऐकू येईल. लांबीच्या बरोबर मध्यावर ठेवला तर 35 वाला जवळजवळ गायब. म्हणून दिवाण भिंतीपासून चार-पाच फूट पुढे घ्या. वूफरची जागा शोधायला एक येडपट वाटणारा उपाय आहे: वूफरच दिवाणावर ठेवा, ओळखीचं गाणं लावा आणि स्वतः भिंतीच्या कडेने रांगत फिरा. डग्गा जिथे मोकळा आणि गोल ऐकू येईल, तिथे वूफर मांडा. घरचे हसतील, हसू द्या.

माझी स्वतःची फजिती सांगतो. जुन्या कवेलूच्या (कौलांच्या) घरात हौसेने 12 इंची लावला होता. बेस छपरातूनच पळून जायचा, म्हणून आवाज वाढवला, तर पहिल्याच गाण्याला कवेलू खुळखुळले आणि वरची माती थेट वडलांच्या चहात. त्यांनी कप उचलला, बोटाने साय काढावी तशी माती काढली आणि मशीन बंद केली. एक शब्द बोलले नाहीत.

भिंतीला गाद्या टांगल्या तर टाळीचा घुमारा कमी होईल, बेसला ढिम्म फरक पडणार नाही. 35 हर्ट्झची लाट जवळपास दहा मीटरची असते. तिला अडवायला दोन-अडीच मीटर जाडीचा थर लागतो.

---

दादांचं सगळं बरोबर, पण उन्हाळ्यात व्होल्टेज पडतं ते विसरू नका. स्टॅबिलायझर आधी घ्या, वूफर मागाहून. आणि रांगतानाचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर हवाच.

---

मंडळी, गावाहून लिहितोय.

10 इंची बंद खोक्याचा घेतला. दोन दिवस छान वाजला. दादा, तुम्ही सांगितलं तसा रांगलो, आईने शेजारच्या काकूंना बोलावून दाखवलं. दाराच्या डाव्या कोपऱ्यापासून हातभर अलीकडे जागा सापडली. वसंतरावांची ठुमरी लावली तेव्हा बाबांनी डोळे मिटले आणि डग्ग्याबरोबर मांडीवर बोटाने ताल धरला.

तिसऱ्या दिवशी वेचणीचा कापूस आला. भाव पडलेला, म्हणून बाबांनी तो नव्या खोलीत भरायला सांगितला. मागच्या भिंतीपासून दिवाणाच्याही पुढे, पार खोलीच्या मध्यापर्यंत, छातीइतका. दादा, तुमचा अडीच मीटरचा थर तयार आहे. अंगाला खाज सुटते म्हणून आत कोणी बसत नाही, वूफर ओसरीत खोक्यात. विचारलं तर बाबा म्हणाले, "कापूस जाऊ दे, मंग वाजव तुहा डब्बा."

भाव आला की कळवतो.