बर्फातील वाहते पाणी : मॅन्युअल एक्स्पोजरमध्ये मोजमाप कशाचे करावे?

प्रश्न

नमस्कार. जानेवारीच्या उत्तरार्धात आम्ही पहलगामला जाणार आहोत आणि काठावर बर्फ साचलेला असताना लिद्दर नदीची छायाचित्रे काढण्याची माझी फार दिवसांची इच्छा आहे. माझ्याकडे एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा कॅमेरा, किट लेन्स, ट्रायपॉड आणि सहा स्टॉपचा एनडी (प्रकाश कमी करणारा) फिल्टर आहे; एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे. पावसाळ्यात सह्याद्रीतले धबधबे मी शटर प्रायॉरिटीवर काढतो, म्हणजे शटरचा वेळ मी ठरवतो आणि बाकी कॅमेरा ठरवतो. तेथे काळ्या कातळामुळे कॅमेरा सगळी चौकट उजळ करतो आणि पाण्याचा फेस जळतो (तपशील जाऊन निव्वळ पांढरा होतो), म्हणून मी एक्स्पोजर (सेन्सरला मिळणारा प्रकाश) उणे एक स्टॉपपर्यंत खाली आणतो. बर्फात याच्या उलट करावे लागते, एवढे ठाऊक आहे. परंतु एकाच चौकटीत शुभ्र बर्फ, गडद पाणी आणि पांढरा फेस असेल, तर मोजमाप नेमके कशाचे करावे? मॅन्युअलमध्ये (सगळे आकडे स्वतः ठरवताना) मीटरची, म्हणजे कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाची, सुई शून्यावर आणायची नसेल, तर ती कोठे असावी हे कशावरून ठरवावे? पाणी धुक्यासारखे दिसण्यापेक्षा त्याची वळणे आणि प्रवाहाच्या रेषा दिसाव्यात, असे मला वाटते.

प्रतिसाद १

मोजमाप बर्फाचेच करावे, आणि तेही एकदाच. समोर बर्फ आहे की कातळ, हे मीटरला कळत नाही. जे दिसेल ते मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून तो आकडा देतो. कातळावर तुम्हाला उणे जावे लागते आणि बर्फावर अधिक जावे लागते, ते या एकाच कारणाने. स्पॉट मीटरिंग (चौकटीतल्या लहानशा भागाचेच मोजमाप) निवडून, ज्यावर थोडा पोत दिसतो अशा सर्वांत उजळ बर्फावर नेम धरावा आणि सुई अधिक दीड ते अधिक दोन यांच्या दरम्यान आणावी. अशाने बर्फ पांढरा येतो, पण त्याचा पोत शाबूत राहतो. सारख्याच उजेडातला फेस सहसा बर्फापेक्षा उजळ नसतो, त्यामुळे बर्फ वाचला की फेसही वाचतो. ओल्या दगडावर किंवा पाण्यावर चमकणारे सूर्याचे थेट प्रतिबिंब मात्र जळू द्यावे. त्याच्यासाठी बाकीचे चित्र काळवंडून टाकण्यात अर्थ नाही.

त्यानंतर कॅमेरा गडद पाण्याकडे वळवल्यावर सुई उणेकडे झुकेल, तरीही आकडे बदलू नयेत. चौकट बदलली आहे, प्रकाश बदललेला नाही. मॅन्युअलचा खरा उपयोग येथेच आहे, कारण शटर प्रायॉरिटीत चौकटीत बर्फ किती आणि पाणी किती यानुसार प्रत्येक चित्राचे एक्स्पोजर हलत राहते. रॉ स्वरूपात (सेन्सरची प्रक्रिया न केलेली माहिती) काढल्यास गडद पाण्यातला तपशील नंतर बऱ्यापैकी वर आणता येतो. पूर्ण जळलेला बर्फ परत मिळत नाही.

एक उदाहरण देतो. ढगाळ हवा, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, एफ/११ (लेन्सचे छिद्र; आकडा मोठा तितके छिद्र लहान) असे असताना बर्फावर सुई १/२५० सेकंदाला शून्यावर आली, असे समजा. दोन स्टॉप वाढवले की १/६० सेकंद. त्यावर सहा स्टॉपचा फिल्टर चढवला की १ सेकंद. तुम्हाला रेषा हव्या आहेत, त्यासाठी १ सेकंद बहुधा जास्त होईल. आयएसओ ४०० केल्यास तेच एक्स्पोजर १/४ सेकंदात मिळते. एपीएस-सीवर एफ/१६ किंवा त्यापुढे गेल्यास विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) चित्र मऊ पडू लागते, म्हणून हिशेब आयएसओ आणि फिल्टर यांच्यात मिटवावा.

प्रतिसाद २

वरील मांडणीशी मी सहमत आहे. एक भर घालतो : मॅन्युअलमध्ये ऑटो आयएसओ चालू राहिला, तर एक्स्पोजर पुन्हा कॅमेराच ठरवतो. तो आधी बंद करावा.

शटरबाबत माझे मत असे आहे की, खळाळत्या पाण्यासाठी १/८ ते १/२ सेकंद या टप्प्यात रेषा सर्वांत जिवंत दिसतात. शटर लांबवत नेले की फेस आणि त्यामागचे गडद पाणी एकमेकांत मिसळून सरासरी छटा तयार होते. दगडांमधून वाट काढणाऱ्या पाण्यात ते एका मर्यादेपर्यंत शोभते, पण जेथे पाणी सलग पांढरेच कोसळते तेथे पोत नाहीसा होऊन सपाट पांढरा पट्टा उरतो, आणि भोवती बर्फही पांढराच असल्याने नदी कोठे संपते हे कळेनासे होते. यासाठी चौकटीत ओले, काळे दगड ठेवावेत. बर्फ पडत असेल तर १/४ सेकंदात हिमकण जवळजवळ दिसत नाहीत. ते टिपायचे असल्यास १/२५० सेकंदाचे वेगळे चित्र काढावे.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. आणखी दोन शंका आहेत. मोजमाप फिल्टर लावून करावे की काढून? आणि उन्हात मागच्या पडद्यावर काहीच धड दिसत नाही, तेव्हा चित्र बरोबर आले हे कसे ओळखावे?

प्रतिसाद ३

मोजमाप आणि फोकस फिल्टर काढून करावेत, फोकस मॅन्युअलवर न्यावा आणि मग फिल्टर चढवून शटरचा वेळ सहा स्टॉपने वाढवावा. डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असल्यास लांब एक्स्पोजरच्या वेळी व्ह्यूफाइंडर (डोळा लावायची खिडकी) झाकावा, कारण मागून शिरलेला प्रकाश चित्रात उतरू शकतो.

पडद्याच्या उजेडावर विसंबू नये, हिस्टोग्राम (डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ छटा दाखवणारा आलेख) पाहावा. बर्फाचा उंचवटा उजवीकडे असावा, पण उजव्या भिंतीला चिकटलेला नसावा. हिस्टोग्राम कॅमेऱ्याने प्रक्रिया केलेल्या जेपेग चित्रावरून बनतो, त्यामुळे रॉमध्ये त्यापलीकडे थोडी जागा शिल्लक असते. ऊन-सावली बदलली की बर्फाचे मोजमाप नव्याने करावे. पहलगामला आरूकडून आणि चंदनवाडीकडून येणारे दोन प्रवाह मिळतात. अशा डोंगरांमधल्या दरीत एक काठ उन्हात आणि दुसरा सावलीत असू शकतो. दोन्ही एकाच चौकटीत असतील तर उन्हातला बर्फ प्रमाण मानावा. सावलीतला बर्फ आकाशाच्या प्रकाशामुळे निळसर येतो. रॉमध्ये तो नंतर सुधारता येतो, मात्र सगळा निळेपणा काढून टाकू नये, कारण थंडीची जाणीव त्यातूनच होते.

ट्रायपॉडचे पाय बर्फात घट्ट रोवून मगच चौकट ठरवावी, नाहीतर एक्स्पोजर चालू असताना ते खचतात. जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवावी. काठावरचा बर्फ कित्येकदा जमिनीवर नसून पाण्यावर पुढे आलेला असतो, तेव्हा खाली काय आहे याची स्थानिक माणसाकडून खात्री करून घेतल्याशिवाय त्यावर पाय देऊ नये.