वीज गेल्यावर रिसेट पुन्हा वर का चढतो?

माग_दुरुस्ती, सोलापूर
अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेलच्या यंत्रमागांवरचे पिक-काउंटर (विणलेले आडवे धागे मोजणारे) बोर्ड माझ्याकडे दुरुस्तीला येतात. वीज गेली की काही बोर्डांच्या ईईप्रॉममधील (वीज नसतानाही टिकणाऱ्या मेमरीतील) आकडा बिघडतो आणि पाळीअखेर मजुरीचा हिशेब जुळत नाही. बोर्डावर ५ व्होल्टवर, १६ मेगाहर्ट्झने चालणारा एटमेगा३२८पी मायक्रोकंट्रोलर आहे; पुरवठा घसरताच रिसेट लाइन खाली खेचून एटमेगाला थांबवणारी ओपन-ड्रेन (लाइन फक्त खाली खेचू शकणारी) सुपरवायझर चिप मात्र ३.३ व्होल्टवर असून तिचा १० किलोओहमचा पुल-अप (एरवी लाइन वर ठेवणारा रेझिस्टर) ५ व्होल्टला जोडलेला आहे. ऑसिलोस्कोपवर वीज जाताच रिसेट नीट खाली येताना दिसतो, परंतु ३.३ व्होल्टचा पुरवठा संपत आला की तो सुमारे ३ व्होल्टपर्यंत पुन्हा चढतो. सुपरवायझर चिप बदलूनही फरक पडला नाही.

जुना_टेक्निशियन
चिप निर्दोष आहे. अशा बहुतेक चिपच्या आउटपुटची हमी त्यांचा स्वतःचा पुरवठा साधारण १ व्होल्ट असेपर्यंतच असते. त्याखाली आतला ट्रान्झिस्टर लाइन धरून ठेवू शकत नाही. ५ व्होल्टच्या बाजूचा मोठा कपॅसिटर तेव्हा अजून भरलेला असल्याने पुल-अप ती मोकळी लाइन वर खेचतो, एटमेगा जागा होतो आणि अपुऱ्या व्होल्टेजवर पूर्ण वेगाने प्रोग्रॅम चालवू लागतो. त्या अवस्थेत तो ईईप्रॉममध्ये काय लिहील, याचा भरवसा नाही.

विद्यार्थी_इलेक्ट्रॉनिक्स
रिसेट ते ग्राउंड १०० किलोओहमचा रेझिस्टर लावावा, असे डेटाशीटमध्ये वाचले आहे. तेवढ्याने भागेल का?

जुना_टेक्निशियन
तो उपाय पुश-पुल (लाइन वर आणि खाली दोन्हीकडे स्वतः नेणाऱ्या) आउटपुटसाठी आहे. येथे १० किलोओहमचा पुल-अप असताना तो केवळ व्होल्टेज-विभाजक ठरेल आणि लाइन जेमतेम एक-दशांशाने खाली येईल. खरा उपाय म्हणजे जो पुरवठा एटमेगाला जातो, त्याच ५ व्होल्टवर सुपरवायझर बसवणे. मॅक्स८०९ मालिकेतील ४.३८ व्होल्टची पुश-पुल चिप चालेल, आणि तिला हा १०० किलोओहम अवश्य लावावा. ब्राउन-आउटचा फ्यूजही (पुरवठा ठरावीक पातळीखाली जाताच एटमेगाला थांबवणारी त्याच्या आतली सेटिंग) ४.३ व्होल्टवर ठेवा. तो बंद ठेवून पाठवलेले बोर्ड पाहिले की मला नवल वाटते. एक बाइट लिहायला सुमारे ३.४ मिलिसेकंद लागतात, म्हणून वीज गेल्याची सूचना रेग्युलेटरच्या आधीच्या बाजूने घ्यावी, म्हणजे रिसेट येण्यापूर्वी आकडा लिहून होईल.

माग_दुरुस्ती, सोलापूर
फ्यूज खरोखरच बंद होता. तो चालू केल्यावर रिसेटवरील उसळी तशीच दिसते, पण आकडा टिकतो. चिपची जागा पुढील खेपेच्या बोर्डांत बदलून घेतो.