चांगला बॉक्सर पिंजऱ्यात का आखडतो? एमएमएमधला अव्वल स्ट्रायकर (ठोसे-लाथा मारणारा) कशाने ठरतो?

जॅबवाला
बॉक्सिंग-किकबॉक्सिंगचा पाया पक्का असलेले खेळाडू एमएमएत (पिंजऱ्यातल्या मिश्र लढतीत, जिथे ठोसे-लाथांसोबत कुस्तीही चालते) आले की ठोसे मारायचेच विसरतात, असं वारंवार दिसतं. वेग तोच, पॅडवरचं कॉम्बिनेशनही तसंच स्वच्छ, पण समोर पट काढणारा (पाय धरून पाडणारा) उभा राहिला की सगळं आखडतं. उलट अ‍ॅडेसान्या, परेरा, हॉलोवे हे नावाजलेले एमएमए खेळाडू उभ्याने खेळूनच सामने काढतात. फरक नेमका कुठे पडतो? 'टेकडाऊन डिफेन्स (पाडण्यापासून बचाव) हवा' एवढं माहीत आहे, त्याच्या पुढचं सांगा.

दुहेरी_पट
घोळ पायांत आहे. बॉक्सर थोडा आडवा उभा राहतो, पुढचा पंजा आत वळलेला, आणि ठोसा मारताना त्या पायावर चांगलाच भार देतो. असा पाय एकेरी पटाला (एकच पाय धरायला) आयता सापडतो. मुय थायवाला (थाई किकबॉक्सिंगवाला) ताठ उभा राहून पुढचा पाय हलका ठेवतो. लाथ अडवायला ते उत्तम, पण कंबर इतकी वर की दुहेरी पट सरळ आत घुसतो. एमएमएचा पवित्रा या दोन्हींच्या मधला: पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, भार जवळपास निम्मा-निम्मा, गुडघे सैल, पुढचा पंजा समोरच्याकडे. अंतर बॉक्सिंगपेक्षा साधारण एक पाऊल जास्त. मग पटात शिरायला त्याला आधी ते पाऊल टाकावं लागतं आणि तेवढ्यात तुम्हाला सुगावा लागतो.

आता ठोसे का आखडतात ते. एक-दोन मारेपर्यंत वजन दोन्ही पायांच्या मध्ये असतं. तिसऱ्या ठोशाला, विशेषतः ओव्हरहँडला (वरून कमानीत येणाऱ्या ठोशाला), छाती पुढच्या गुडघ्याच्याही पुढे जाते आणि मागचा पाय नुसता ओढला जातो. त्या क्षणी समोरचा खाली बसला तर कंबर मागे फेकायला वेळच नसतो. मुरलेला कुस्तीगीर जॅबकडे (पुढच्या हाताच्या सरळ ठोशाकडे) दुर्लक्ष करतो आणि या तिसऱ्या ठोशाची वाट बघतो. एकदोनदा असं आपटलं की खेळाडू हातच बाहेर काढत नाही. म्हणून वरच्या दर्जाचा स्ट्रायकर दोन मारून कोनात बाहेर पडतो आणि मग पुन्हा दोन मारतो. लांब कॉम्बिनेशन समोरच्याची पाठ जाळीला लागल्यावर किंवा तो हादरल्यावरच.

जेम्स टोनी विरुद्ध रँडी कुटूर, यूएफसी ११८ (एमएमए भरवणाऱ्या यूएफसी संस्थेचा कार्यक्रम), ऑगस्ट २०१०, हे बघा. टोनी बॉक्सिंगमध्ये अनेक वजनगटांचा जगज्जेता. कुस्तीतून आलेल्या कुटूरने खाली वाकून घोट्यापाशी एकेरी पट धरला आणि पहिल्याच फेरीत गळा आवळून सामना संपवला.

नडगी_आधी
वरचं बरोबर, पण पुढच्या पायावरच्या भाराची दुसरी किंमत म्हणजे काफ किक. ती गुडघ्याखाली, पोटरीच्या बाहेरच्या अंगाला बसते. तिथे पेरोनियल मज्जातंतू हाडालगत कातडीच्या अगदी जवळून जातो. तो दुखावला की पंजा वर उचलता येत नाही, घोटा मुडपतो आणि पवित्राच मोडतो. जानेवारी २०२१ मध्ये यूएफसी २५७ ला पॉइरिएने मॅकग्रेगरचा पुढचा पाय असाच निकामी केला आणि दुसऱ्या फेरीत हातांनी काम संपवलं.

बचावासाठी मुय थायसारखा गुडघा छातीपर्यंत आणायला वेळ पुरत नाही. गुडघा आणि पंजा बाहेर वळवून टाच जरा उचला, म्हणजे त्याची नडगी पोटरीऐवजी तुमच्या नडगीवर आदळते. किंवा पाय मागे ओढा आणि लाथ हवेत गेली की क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा) टाका. मारणाऱ्यासाठी सूचना: हाताची हुलकावणी दिल्याशिवाय लाथ काढू नका. डिसेंबर २०१३ मध्ये वाइडमनने अडवलेल्या लाथेवर अँडरसन सिल्वाची नडगी मोडली. आणि एप्रिल २०२१ मध्ये युराया हॉलने अडवलेल्या लाथेवर खुद्द वाइडमनची!

ग्लोव्हजचंही बघा. बॉक्सिंगच्या स्पारिंगचे १६ औंसांचे ग्लोव्हज चेहऱ्यासमोर धरले की भिंत होते. एमएमएच्या ४ औंसांच्या मागे काही लपत नाही, मूठ फटीतून आत येते. त्यामुळे कोपर-खांदा, पॅरी (हाताने ठोसा बाजूला सारणं) आणि मागचं पाऊल यांवरच भिस्त. डोकं हलवायचं तेही चार बोटं. कमरेतून खोल वाकाल तर गुडघा किंवा लाथ वाटच बघत असते.

एकच_ठोसा
सगळं तंत्र ठीक, पण ताकदीचं काय? परेराचा डावा हुक (बाजूने येणारा ठोसा) बसला की पवित्र्याची चर्चा संपते.

हुलकावणी
हुक बसला तर. हेवीवेट एनगानूचे मियोसिचशी झालेले दोन सामने शेजारी ठेवून बघा. जानेवारी २०१८ ला पहिल्या फेरीत सगळा जोर लावला, दमला, पुढच्या फेऱ्या कुस्तीत गेल्या आणि गुणांवर हरला. मार्च २०२१ ला तोच माणूस, तीच ताकद, पण संथ. लाथा मारल्या, थांबला, मियोसिच पटाला आला तेव्हा स्प्रॉल करून (पाय मागे फेकून) वर बसला आणि दुसऱ्या फेरीत नॉकआऊट केलं. परेराचंही तसंच. खांदा मागे न घेता हुक सुटतो, म्हणून दिसत नाही.

खरा दर्जा हुलकावणीत कळतो. लाथ मारतोय असं भासवत कंबर किंचित वळवा आणि समोरचा काय करतो ते बघा: पाय उचलतो, हात खाली आणतो की मागे सरकतो? पहिल्या दोन-तीन मिनिटांत हेच गोळा करायचं. पाय उचलणारा त्या क्षणी एका पायावर असतो, त्याला क्रॉस. हात खाली आणणाऱ्याला तीच कंबर वळवून वरची लाथ. फक्त आधी दोन-तीन खऱ्या लाथा बसलेल्या हव्यात, नाहीतर हुलकावणीला कोण भीक घालतो! नवशिक्या मात्र स्वतःच्याच ठेक्यात हुलकावण्या देत राहतो, तिसऱ्यानंतर दर वेळी खरा ठोसा. समोरचा ते मोजतो.

आणि जाळी. बॉक्सिंग रिंगचा कोपरा ९० अंशांचा, एमएमएच्या अष्टकोनी पिंजऱ्याचा १३५ चा. माणूस कोपऱ्यात अडकत नाही, बाजूने घरंगळतो. त्याच्या मागे धावू नका. तो ज्या बाजूला निसटणार त्या बाजूला आधीच पाऊल टाका आणि तिकडूनच हुक किंवा मधली लाथ आणा.

जॅबवाला
तिसऱ्या ठोशाचा मुद्दा पटला. तो सरावात कसा बसवायचा?

दुहेरी_पट
५ मिनिटांच्या तीन फेऱ्या. तुम्हाला फक्त जॅब-क्रॉस, जोडीदाराला कधीही पट काढायची मुभा. त्याचा हात तुमच्या गुडघ्यामागे पोचला की तुमचा गुण गेला, पाडायची गरज नाही. हे जमलं की हुक जोडा, त्यानंतर लाथ. सगळं एकदम घेतलं तर चूक कुठे झाली ते कळत नाही.

यात दोन गोष्टी बिघडतात. जोडीदार भिडेखातर हळू शिरतो, मग सराव फुकट. आणि पटाच्या धास्तीने तुमचे हात कमरेशी येतात. पटाची हुलकावणी देऊन वरून ओव्हरहँड टाकणाऱ्याला तेच हवं असतं. आधी कंबर मागे जाऊ द्या. एक हात त्याच्या मानेवर किंवा कपाळावर, दुसरा स्वतःच्या हनुवटीशी. शिरणाऱ्याला गुडघा मारायचा मोह पहिले काही आठवडे टाळा. वेळ हुकली की तुम्ही एका पायावर असता आणि दुसरा आधीच त्याच्या हातात.