मदत हवी आहे: दोन तानकाटे (स्प्रिंगचे वजनकाटे), दोन वेगळी वाचनं
नववीच्या मुलांना न्यूटनचा तिसरा नियम (क्रिया आणि प्रतिक्रिया बलं समान, पण विरुद्ध दिशेनं) दाखवायचाय. १० न्यूटनपर्यंत (न्यूटन हे बलाचं एकक) मोजणारे दोन तानकाटे हुकात हूक अडकवून टेबलावर आडवे ओढले, तर एक ४ न्यूटन दाखवतो, दुसरा ३.६. मुलं लगेच म्हणणार, बलं समान कुठायत?

काटे उभे धरून शून्य जुळवलं होतं. आडवं केलं की हुकाचं वजन स्प्रिंगवर येत नाही, दर्शक (वाचन दाखवणारी खूण) शून्याच्या मागे जातो. म्हणून आडवं ठेवूनच पुन्हा जुळवलं, फरक ०.२ वर आला. उरलेला बहुधा हुकाची दांडी काट्याच्या नळीला आतून घासल्यामुळे, कारण टिचकी मारली की दर्शक सरकतो. (ओढ संथच आहे, झटका नाही.)

घासणं कमी करायला तेल घातलं तर त्यावर धूळ चिकटते, मग ग्राफाइटची पूड वापरावी का? की दोन्ही हुकांच्या मध्ये दोरा बांधून एका रेषेत ओढणं पुरेल?