कार्बन स्टीलचा घडीचा चाकू: गंजतो, मग घ्यायचा कशाला?

द्राक्षवेल
नमस्कार मंडळी. तासगाव भागात बाग आहे. खिशात ठेवायला घडीचा चाकू हवाय. काम किरकोळच: सुतळी कापायची, खताच्या गोणीची शिवण उसवायची, ठिबकची नळी छाटायची आणि दुपारच्या डब्यासोबत कांदा-काकडी चिरायची. बजेट दोन हजारांच्या आत.

ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा आठ नंबर बघून ठेवलाय. त्यात दोन प्रकार दिसतात, एकाच्या पात्यावर 'कार्बोन' लिहिलंय, दुसऱ्याच्या 'इनॉक्स', म्हणजे स्टेनलेस. माहीतगार लोक कार्बनचंच नाव घेतात, आणि त्याच दमात तो गंजतो असंही सांगतात. मग गंजणारी वस्तू मुद्दाम विकत का घ्यायची? की इथल्याच लोहाराकडून कमानपाट्याचा (ट्रकच्या स्प्रिंगच्या पट्टीचा) करून घ्यावा? आणि खिशात चाकू ठेवणं कायद्याने चालतं का, तेही सांगा.

निसणा
घरातली विळी आठवा. पातं काळं, तिच्यावर चिरलेलं वांगं आणि कच्चं केळंही काळं पडतं, आणि तरी स्टेनलेसची सुरी बाजूला ठेवून बायका विळीच ओढतात. कार्बन स्टीलचा चाकू म्हणजे खिशात मावणारी विळी. गुण तेच, खोडीही त्याच.

ओपिनेलच्या 'कार्बोन' पात्यात कार्बन साधारण ०.९ टक्के. इनॉक्समध्ये १३ टक्क्यांच्या वर क्रोमियम. क्रोमियम गंज अडवतं, पण कार्बनशी जुळून त्याचे फार कडक कण होतात आणि ते दगडाला लवकर दाद देत नाहीत. साध्या कार्बन पोलादात तसे कण नसतात, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातल्या स्वस्त दुतोंडी दगडावरही पाच-दहा मिनिटांत केस उडवणारी धार येते. हे पोलाद स्वस्तही पडतं, म्हणून तर शंभर वर्षं शेतकऱ्यांच्या, सुतारांच्या खिशात टिकलं. ओपिनेल १८९० पासून फ्रान्सच्या साव्हुआ डोंगरभागात बनतो. जपानच्या मिकी गावचा हिगोनोकामी, फ्रान्समध्येच तिएर गावचा डूक-डूक (१९२९ पासून), जर्मनीत झोलिंगनचा मर्केटर, सगळे त्याच जातीचे. पत्रा दुमडून किंवा लाकूड कोरून मूठ केलेली, आत एक पातं, बाकी नखरे काही नाहीत.

ओपिनेलच्या इनॉक्सला मात्र नावं ठेवू नका, त्यालाही धार चांगली येते. खरा फरक कळतो तो बिननावाच्या 'स्टेनलेस' चाकूशेजारी. त्यात कार्बन कमी, पाणी नीट पाजलेलं (म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक केलेलं) नसतं. सकाळी लावलेली धार दुपारच्या कांद्यापर्यंत वळलेली असते.

दुसरी गोष्ट पात्याच्या जाडीची, आणि माझ्या मते ती पोलादाइतकीच महत्त्वाची. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटीमीटर लांब, पाठीला जेमतेम पावणेदोन मिलिमीटर, तिथून धारेपर्यंत निमुळतं. काकडीत ते शिरतं तेव्हा काप फुटत नाही. दणकट दिसणारे तीन-चार मिलिमीटर जाडीचे चाकू काकडी चिरत नाहीत, पाचर मारल्यासारखी फोडतात. पण याच पातळपणामुळे ओपिनेलने डबा उचकटायचा नाही, नारळ फोडायचा नाही, उसाला लावायचा नाही. त्याला कोयता आहे.

धार लावताना: दगड पाच मिनिटं पाण्यात बुडवा. पात्याची पाठ दगडापासून पाच-साडेपाच मिलिमीटर उचललेली ठेवा. रुपयाची चार नाणी एकावर एक ठेवून पाठ त्यांना टेकवली की अंदाज येतो, मग नाणी काढून तोच कोन हाताने सांभाळा. दगडाची बारीकच बाजू वापरा, धारेला खांडे पडले असतील तरच जाड. एका बाजूने घासत राहायचं, पलीकडच्या बाजूला मुळापासून टोकापर्यंत बारीक कड नखाला अडकेपर्यंत. ती कड आली नाही तर धार अजून दगडाला लागलेलीच नाही, मग बाजू बदलून उपयोग नाही. दोन्हीकडून कड आली की दाब कमी करत एक इकडे, एक तिकडे असे दहा-बारा हात. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या खरखरीत बाजूवर धार मागे ठेवून वीसेक वेळा ओढा. नवशिक्यांचं नव्वद टक्के वेळा चुकतं ते इथेच: कड निघायच्या आत थांबतात, चाकू कागद कापतो, आणि दोन दिवसांत बोथट होतो. कापत होती ती कड, धार नव्हे.

आणि सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याला हा चाकू देऊ नका. कोरड्या चाकावर एवढी पातळ धार क्षणात तापते. धारेवर निळा रंग चढला म्हणजे तिथे ३०० अंशांच्या आसपास उष्णता गेली आणि पाजलेलं पाणी उतरलं. निळा भाग दगडावर पूर्ण झिजवेपर्यंत तिथे धार टिकणार नाही.

घाटमाथा
पोलादाचं निसणा यांनी सांगितलंच आहे, मी मुठीचं सांगतो. ओपिनेलची मूठ बीच लाकडाची. बीच पाणी पितं, फुगतं, आणि पातं खाचेत अडकून बसतं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, माण-खटावला पाचशेच्या आसपास. एकाच सातारा जिल्ह्यात तोच चाकू जुलैत घाटावर उघडणार नाही आणि मेमध्ये दहिवडीला पातं सैल पडेल. तासगावला पावसाळा बेताचा, पण फवारणीत भिजलेल्या खिशात राहिला तर मूठ फुगणारच.

अडकला तर नखाने ओढत बसू नका, नख जातं. आधी मुठीच्या तोंडाची गोल कडी फिरवून कुलूप सोडा, मग मुठीचं मागचं गोल टोक टेबलाच्या कडेवर किंवा दगडावर ठक्कन आपटा. पातं झटक्याने थोडं बाहेर येतं, पुढे बोटांनी उघडा. साव्हुआच्या लोकांची ही जुनी युक्ती, तिला नावही त्यांच्याच मुलखाचं आहे.

कायमचा उपाय करायचा तर आधी मूठ आठवडाभर कोरड्या जागी सुकू द्या. तोंडाची कडी (हे कुलूप १९५५ साली आलं, त्याआधीच्या ओपिनेलला कुलूपच नव्हतं) सरक्लिप पान्याने उघडून काढा. खाचेत वॉटरपेपरची दुहेरी घडी घालून दोन्ही भिंती हलक्याने घासा. घासायचं थोडंसंच. जास्त गेलं तर पातं डावी-उजवीकडे डुलेल आणि लाकूड परत येत नाही. मग मुठीला आतून-बाहेरून जवसाच्या तेलाचे पातळ हात, प्रत्येक हातानंतर दहा मिनिटांनी पुसून एक दिवस वाळवा, असे तीन-चार हात. करडईचं तेलही वाळतं, पण फार सावकाश. शेंगतेल अजिबात नको, ते वाळत नाही, नुसतं खवट होऊन चिकटतं. जवसाच्या तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेतं. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

सांध्यात मात्र जवस नको, वाळून पातं चिकटवेल. तिथे शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. पात्याला खाण्याचं लागत असेल तर मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन किंवा खोबरेल. खोबरेल डिसेंबरात थिजतं, पण पात्यावर थिजलेलं चालतं, सांध्यात चालत नाही.

अडकित्ता
मी थोडा उलट बोलतो. द्राक्षवेल, तुमच्या कामाला मी इनॉक्सच सुचवेन, निदान बागेत. कारण मोरचूद (तांब्याचा क्षार). बोर्डोच्या (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशक) द्रावणातलं तांबं लोखंड दिसलं की त्याच्यावर बसतं आणि लोखंड विरघळतं. कार्बनचं पातं फवाऱ्याखाली सापडलं आणि तसंच मिटून खिशात गेलं, तर दुसऱ्या दिवशी सांध्यापाशी खड्डे पडलेले दिसतील. वरचा गंज घासून जातो, खड्डा जात नाही.

गंमत अशी की याच दुर्गुणाचा उपयोगही आहे. एक टक्का बोर्डो करताना (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी) चुना हलका निघाला तर द्रावण आम्ल राहतं आणि कोवळ्या पानावर चट्टे उठतात. लोखंडी पातं घासून चकचकीत करा आणि मिनिटभर द्रावणात धरा. तांबूस थर आला तर मोकळं तांबं आहे, अजून चुन्याची निवळी घाला. थर आला नाही तर फवारा. या कामाला इनॉक्स कुचकामी, हे कबूल. पण त्यासाठी जुनं खुरपंही चालतं. झाल्यावर पातं धुऊन, पुसून ठेवा.

छाटणीनंतर हत्यार निर्जंतुक करायचं असेल तर हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचच्या द्रावणात) बुडवू नका, क्लोरीन कार्बनला खातं आणि इनॉक्सलाही सोडत नाही. सत्तर टक्के स्पिरिटने पुसा. डॉगरिजवर (द्राक्षाच्या खुंटावर) कलम बांधायला यातला कुठलाच नको. पाचर कलमाचा काप तीन-चार सेंटीमीटर लांब आणि सपाट हवा. दोन्ही बाजूंनी धार असलेलं पातं लाकडात वळतं, काप गोलसर होतो आणि मध्ये फट राहते. त्याला एका बाजूने धार असलेला कलमाचा चाकूच घ्या.

कायद्याचं: शस्त्र कायद्यात परवान्याचा प्रश्न येतो तो पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल तेव्हा, आणि घरगुती किंवा शेतीकामासाठी बनवलेली हत्यारं त्यातूनही वगळलेली आहेत. साडेआठ सेंटीमीटर म्हणजे साडेतीन इंचही नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम ३७(१) लक्षात ठेवा. सणासुदीला, निवडणुकीला त्याखाली मनाई आदेश निघतो आणि त्यात चाकू नावानिशी येतो, लांबीची सूट नाही. त्या दिवसांत चाकू बागेतल्या पेटीत राहू दे, बाजारात खिशात नको. विमानात हातातल्या बॅगेत तर कधीच नाही.

द्राक्षवेल
सगळ्यांचे आभार. बोर्डोचं पटलं. तरी मन कार्बनकडेच झुकतंय, फवारणीच्या दिवशी घरी ठेवेन. पात्यावर मुद्दाम काळा थर चढवतात असं वाचलं, तो चिंचेने चढतो का? आणि लोहाराचं कुणीच बोललं नाही.

निसणा
चढतो. पात्याचं तेल भांड्याच्या साबणाने पूर्ण काढा, बोटाचा ठसाही नको, तिथे थर धरत नाही. चिंचेचा कोळ कोमट करून पातं उभं बुडवा, सांधा आणि मूठ बाहेर. दर दहा मिनिटांनी काढून पुसा, धुवा, पुन्हा बुडवा, तीन-चार वेळा. आधी पिवळट, मग राखाडी, मग निळसर काळा रंग येतो. शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, कोरडं करून तेल. फक्त मीठ लावून भरणीत ठेवलेली चिंच नको आणि आमसूलही नको, त्यातही मीठ असतं. मिठाने थर बसायच्या आधी गंजच लागतो. थर झाल्यावर धार परत लावा, आम्लाने ती थोडी खाल्लेली असते.

हा थर गंज मंद करतो, थांबवत नाही. लाल दिसलं की गंज, काळं दिसलं तर असू दे. सुरुवातीचे काही दिवस कांद्याला लोखंडाची चव लागेल, पुढे ती कमी होते.

कमानपाटा
लोहाराचं मी सांगतो. ट्रकच्या कमानीचा पाटा म्हणजे सिलिकॉन-मँगनीजचं पोलाद, कार्बन ०.५ ते ०.६ टक्के. ओपिनेलपेक्षा चिवट, पण तेवढं कडक होत नाही. कोयत्याला उत्तम, खिशातल्या पातळ पात्याला बरं. जुन्या कानशीत कार्बन जास्त, पात्याला तीच चांगली. फक्त ती अस्सल हवी. स्वस्त कानस नुसती वरून कडक केलेली असते, आत मऊ लोखंड.

खुरपी शेवटून (ठोकून धार काढून) देणारा लोहार पातं ठोकून देईल, पण त्याची सवय धार पाण्यात बुडवायची. कोयत्याला ते चालतं. दोन-तीन मिलिमीटरचं पातं पाण्यात तडकतं किंवा वाकतं. म्हणून त्याला क्रम आधीच सांगा:

पाट्याच्या मधल्या भोकाजवळचा तुकडा नको, तिथे बारीक तडे असतात. टोकाकडचा घ्या. पातं ठोकून झालं की लाल करून रात्रभर राखेत पुरायचं, म्हणजे मऊ पडतं. रिबिटाचं भोक तेव्हाच पाडायचं, तीन मिलिमीटर. पाणी दिल्यावर साधं ड्रिल बिट नुसतं फिरतं, जळतं. धार या टप्प्याला मिलिमीटरभर जाड ठेवा, आत्ताच पातळ केली तर भट्टीत जळते. मग सारखं तापवायचं. चुंबक चिकटायचं थांबलं की अजून थोडं, आणि सरळ कोमट तेलात, टोक खाली. आडवं घातलं तर वाकलंच. थंड झाल्यावर कानस घसरली तर पाणी बसलं. कानस चावली तर उष्णता कमी पडली, पुन्हा करा. बसलं असेल तर त्याच दिवशी घरच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोनदा तास-तासभर. ही पायरी राहिली तर चाकू हातातून फरशीवर पडल्यावर टोक तुटेल.

आणि नवीन धार पहिल्या महिन्यात मऊ वाटली तर लोहाराशी भांडू नका. भट्टीत वरच्या कातडीतला कार्बन जळतो. दोन-तीनदा दगडावर झिजवलं की खालचं चांगलं पोलाद लागतं.

कुलूप मात्र लोहाराकडून करून घेऊ नका, ते नीट बसत नाही. हिगोनोकामीसारखं करा: दीड मिलिमीटरचा पितळी पत्रा दुमडून मूठ आणि पात्याच्या मुळाशी मागे निघालेली चपटी शेपटी. चाकू उघडल्यावर ती अंगठ्याखाली येते, दाबून धरली की पातं मिटत नाही. रिबिट ठोकताना पातं आणि पत्र्यामध्ये पोस्टकार्डाचा तुकडा घाला आणि नंतर तेलात भिजवून ओढून काढा. नाहीतर ठोकता ठोकता सांधा इतका आवळतो की चाकू उघडायला पक्कड लागते.